पहिली मळणी गोदाक्काची

बसा भाऊ, बसा. तिकडं बांधावर बसा, इथं भुसकट उडतंय. हडंबा, हे मळणीचं यंत्र, अर्धा तास रिकामाच फिरणार हाये. तुमच्या घरच्यांला वाटत असंल, म्हातारा उगंच बॅटरी खातोय. खाऊ द्या, माहीच हाये बॅटरी. तोवर तुमच्या गंजीला मी हात लावत नाही. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. फक्त आदीच सांगून ठेवतो, हिच्यात चोर कोण ते शोधत बसू नका. चोर मीच हाये.

माहं नाव सटवाजी. गाव खैरगव्हाण, कयाधू नदीच्या पल्याड. शाळा चौथी, ती बी अर्धी. गुरुजी बदलून गेले, दुसरे आलेच नाहीत, मग मी बी गेलो नाही. पण हडंब्याच्या पोटात दाणा फुटतोय का सालीसकट निघतोय, ते मी पाठ फिरवून बसलो तरी नुसत्या आवाजावरून सांगतो.

आता मोठ्या वावरात ते बिनमाणसाचे हार्वेस्टर फिरतात. पण बियाण्याचं सोयाबीन त्याच्यात कोणी घालत नाही. सोयाबीनची साल म्हणजे लेकराची टाळू. ड्रम जोरात फिरला की वरून दाणा चांगला दिसतो, पण सालीला केसावाणी तडा जातो. गिरणीत तेल काढायला चालतं ते. पेरायला नाही चालत. बियाण्यासाठी मोठी पुली लावायची, ड्रम मिनिटाला चारशे फेऱ्यांच्या आत फिरवायचा. ती पुली बदलायला तास जातो आन बोटं सोलून निघतात. म्हणून हे काम करणारे थोडे. त्या थोड्यांत माहं नाव मोठं होतं. होतं म्हणतोय, ध्यानात घ्या.

आमच्या गावात बियाणं म्हणलं की गोदाक्का ढोले. माही लेक शिवकन्या तिच्या घरात दिलेली, म्हणजे ती माही इहीण. बाई काटकुळी, पण वावरात उभी राहिली की गडी माणसं आपोआप सरळ रांगेत कापायला लागायची. सोळा वर्षं एकेक झाड निवडून तिनं एक वाण राखलं होतं. त्याची शेंग वाळून खडखडली तरी तडकायची नाही. दुकानातलं बियाणं पेरलं की काढणीला दोन दिवस उशीर झाला तर अर्धा माल भुईवर. हिच्या वाणाला आठ दिवस उशीर झाला तरी दाणा शेंगेतच.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, तिच्या अंगणात गाव जमायचं. चार दिवस आदी तिनं ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवलेले असायचे. सगळ्यांसमोर गोणपाट उलगडायचं आन सगळ्यांनी मिळून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले की वाटप. एका साली अडुसष्ट निघाले. लोकं म्हणले, 'अक्का, दोन दाण्यांनी काय होतंय?' ती म्हणली, 'दोन दाण्यांनी काही होत नाही. माह्या जिभेला होतंय.' अन् घातलं सगळं गिरणीला.

असली बाई.

तिचा माह्यापाशी एकच हट्ट. सालातली पहिली मळणी गोदाक्काची. हडंबा सालभर उभा असतो, धुतलेला. दसरा आला की तो निघायचा तो सरळ तिच्याच वावरात. कारण साधं हाये. हडंब्याच्या पोटात मागच्या वावराचा माल राहतो. जाळीत राहतो, पंख्याच्या मागं राहतो, किती झटकला तरी राहतो. पहिल्या मळणीला पोट कोरं. हडंब्याला बाईमाणूस धरून ती नारळ फोडायच्या आदी मला विचारायची, 'इवाई, हिनं यंदा आदी कुणाचं तोंड पाहिलं नाही ना?' मी म्हणायचो, 'तुमचंच पाहतीय, अक्का.' दर साली तोच सवाल, तोच जबाब. पोरंसोरं बी आमची नक्कल करायची.

आता त्या सालाचं ऐका.

दसऱ्याला एक दिवस होता. माही बहीण द्वारकी माळसावंगीला दिलेली, आमच्यापासून चाळीस किलोमीटर. तिचा फोन आला. तिकडं आठ दिवस पावसानं झोडपलेलं. गंजी ताडपत्रीखाली गरम झालेली, शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटायला लागलेले. सगळे हडंबेवाले नाही म्हणले, ओला माल ड्रमला गुंडाळतो म्हणून.

'दादा,' द्वारकी म्हणली, 'तू बी नाहीच म्हण. म्हणजे एकदाची रडून मोकळी होते.'

गेलो. कोणाला सांगितलं नाही, बायकोला सुदिक नाही. बारीक पुली लावली, ड्रम जोरात सोडला, दुपारपर्यंत मळून दिलं. पोत्यात हात घातला तेव्हाच मन खाली गेलं. दाणे लांबुळके, सुरकुतलेले, वरून खडू फासल्यावाणी पांढरे. म्हणलं, 'द्वारके, हे घरात ठेवू नको, आजच गिरणीला घाल.' एवढी अक्कल होती मला. ती माह्याच हडंब्याला लावली नाही.

दुसऱ्या दिवशी गोदाक्काचं वावर. आभाळ काळंभोर, तिची माणसं सकाळपासून ताडपत्र्या धरून उभी. पुली बदलायची तर तास जाणार. पोट धुवायचं तर दुसरा तास. अन् कोणी विचारलं असतं, 'मामा, कोरा हडंबा धुता काहून?' तर काय सांगायचं? बहिणीकडं तोंड बाटवून आणलं म्हणून?

ती नारळ घेऊन आली. 'इवाई, हिनं यंदा आदी कुणाचं तोंड पाहिलं नाही ना?'

'तुमचंच पाहतीय, अक्का.'

खोटं बोलायला किती वेळ लागतो? नारळ फुटायच्या आत बोलून झालतं.

पाऊस यायच्या आत त्याच बारीक पुलीवर मळणी झाली. सगळे खूश. गोदाक्कानं एकदा दाणा हातात घेतला, कान देऊन ड्रमचा आवाज ऐकला. म्हणली, 'आज आवाज चढा वाटतोय.' मी म्हणलं, 'नवी बॅटरी हाये.' तिनं मान हलवली. माह्यावर भरवसा होता हो तिचा. तिथंच सगळं मातीत गेलं.

आखाजीला गोणपाट उघडलं तर अठ्ठ्याहत्तर कोंब! मी बी मोजायला होतो. म्हणलं, चला, देवानं झाकलं. गाव बियाणं घेऊन गेलं. मृगात पेरणी झाली आन मग धरली झड. आठ दिवस ऊन नाही, वावरं गारठलेली. नवव्या दिवशी माणसं पेरणीच्या तासानं चालत गेली तर तास मोकळाच. पंधरा वीस पावलांवर एखादा कोंब, तो बी मान मुरगळलेला. माती उकरली तर दाण्याचं पीठ झालेलं, बोटाला चिकटलं. वास शिळ्या भाताचा.

साठ घरांची पेरणी गेली, भाऊ. एका गावातली, एकाच बियाण्याची.

आठ दिवसांत विद्यापीठातून घुगे मॅडम आल्या. तरणी बाई, पायात बूट, चिखलात बसायला लाज नाही. त्यांच्यापाशी एक डबा, आपल्या जेवणाच्या डब्याएवढा. मॅडमनं सडका दाणा चिमट्यानं उचलला, खलात कुटला, पाण्यात कालवला आन एक थेंब त्या डब्यात सोडला. तासाभरात पडद्यावर अक्षरं.

मॅडमनं समाजमंदिरात सगळ्यांला समजून सांगितलं. चांगलं सांगितलं, मला कळलं म्हणजे बघा. त्या म्हणल्या, 'ही बुरशी आहे. ती धसकटात राहते. पावसाचा थेंब मातीवर आपटला की चिखलाबरोबर उडून शेंगेवर बसते आणि गप्प राहते. झाड हिरवं आहे तोवर तिचं काही चालत नाही. शेंग पिवळी पडली आणि वरून पाऊस लागला, की ती आत शिरते. सालीला तडा असेल तर तिला दारच उघडं.'

तिचं इंग्रजी नाव माह्या जिभेला बसत नाही. गावानं खडू नाव ठेवलं, तेच धरा.

मॅडम म्हणल्या, 'एरवी ही बुरशी उन्हाळ्यात पोत्यातच मरून जाते. हिचं हे नवं घराणं आहे. हे मरत नाही, निजून राहतं. गोणपाटात उबेत दाणा तीन-चार दिवसांत फुटतो, तिला जागं व्हायला वेळच मिळत नाही. पण गार ओल्या मातीत दाणा आठ दिवस पडून राहिला, की ती जागी होते.'

'घराणं म्हंजे?' कोणीतरी विचारलं.

'माणसासारखंच. प्रत्येक बुरशीच्या पेशीत तिचा वंश लिहिलेला असतो. पिढीगणिक त्यात एखादं अक्षर बदलतं. हा डबा ती अक्षरं वाचतो आणि सगळीकडच्या डब्यांशी ताडून बघतो. कोण कुणाची मुलगी, कोण कुणाची नात, ते सांगतो.'

'आयला, म्हंजे भाटच की!' म्हातारा केरबा म्हणला, आन एवढ्या दुःखात बी लोकं हसली. आपल्याकडं भाट यायचा नाही का, पोथी सोडून सात पिढ्या वाचायचा? तसं. तेव्हापासून डब्याचं नाव भाट.

मग भाट वावरावावरातून फिरला. साठ घरांची माती, साठ घरांची धसकटं. तिसऱ्या दिवशी मॅडमनं सांगितलं, ह्या घराण्याची थोरली सापडली. गोदाक्काच्या वावरात. मळणी झाली त्या कोपऱ्यात, मागच्या साली जिथं भुसकट पडलं तिथंच. बाकी सगळ्या तिच्या लेकीबाळी.

समाजमंदिरातल्या सगळ्या माना गोदाक्काकडं वळल्या.

मॅडम चांगली बाई. लगेच म्हणल्या, 'डबा एवढंच सांगतो की बुरशी इथे सापडली. इथे आली कशी, ते तो सांगत नाही. बाहेरून काही आलं होतं का? बियाणं, भुसा, शेणखत, एखादं यंत्र?'

'यंत्र काय, सटवाजीमामाचा हडंबा,' केरबा म्हणला. 'पण सालातली पहिली मळणी गोदाक्काची असती, मॅडम. हडंबा कोरा. सगळ्या गावाला ठाऊक हाये.'

सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडमनं माह्याकडं पाहिलं. 'बरोबर आहे ना, मामा?'

आता बघा. तोंड उघडायचं तेव्हाच होतं. सगळी हकीकत दाढेखाली होती. पण मनात काय आलं, सांगू? मनात आलं, गोदाक्का मोठी बाई हाये, ती झेलंल. पंधरा गावांत तिचं नाव हाये. आपण लहान माणूस, आपला हडंबा गेला की आपण गेलो. अन् माही लेक तिच्या घरात. लेकीच्या माहेराला कलंक लागला तर तिचं काय? असं सगळं मी माह्या लेकीच्या नावावर खपवलं. खरं सांगायचं तर भ्यालो होतो.

म्हणलं, 'बरोबर हाये, मॅडम. पहिली मळणी तिचीच.'

गोदाक्का कोपऱ्यात बसलेली. आपल्या दोन्ही हातांकडं पाहत बसली.

वरून आदेश आला. तिच्या गट नंबरवर लाल शिक्का, तीन साल त्या वावरातून बियाणं द्यायचं नाही आन घरातलं सगळं बियाणं नष्ट करायचं. आता ध्यान देऊन ऐका. तिच्यापाशी राखीव दोन पोती होती, त्याच्या आदल्या सालाची. ती कायम दोन सालांचं बियाणं ठेवायची, एक वाटायला आन एक अडीनडीला. ती दोन पोती मी मोठ्या पुलीवर, धुतलेल्या हडंब्यात मळलेली. दाणा न् दाणा निर्मळ. गावात तेवढंच वाण शिल्लक होतं, बाकी सगळं मातीत कुजलं होतं.

मॅडम म्हणल्या, 'अक्का, या दोन पोत्यांचा नमुना मी नेते. चार दिवस थांबा, मी वर बोलून बघते.'

गोदाक्का म्हणली, 'नको बाई. माह्या हातावर आता माहाच भरवसा नाही. ह्यातला एक दाणा खराब निघाला आन तुमच्या डब्यानं चुकून चांगला म्हणला, तर मी कुणाकुणाचं वावर बुडवू? जाळा.'

ती पोती खड्ड्यापर्यंत नेली कोणी? माह्याच ट्रॉलीत. मीच पाठीवर घेतली. पोतं खांद्यावर होतं, दाणे कानापाशी सळसळत होते. एक वाक्य बोलायचं होतं, भाऊ. 'अक्का, हे चांगलं हाये, मला ठाऊक हाये.' बोललो असतो तर 'तुम्हाला कसं ठाऊक' म्हणून पुढचं सगळं निघालं असतं. पोतं खड्ड्यात टाकलं. सोयाबीन तेलकट, चांगलं जळतं.

मॅडमच्या डब्यात त्या खडूची सात पिढ्यांची वंशावळ अजून हाये, एकेक अक्षर. त्या वाणाचं कोणी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही.

त्याच्यानंतरचं साल कसं गेलं, ते काय सांगू. लोकं गोदाक्काला तोंडावर काही म्हणत नव्हती, फक्त आखाजीला तिच्या दारावरून जाताना चपला वाजू देत नव्हती. ते जास्त लागतं. नळावर शिवकन्येला बायका म्हणायच्या, 'तुह्या सासूनं काय पेरलं गं, बियाणं का रांगोळी?' शिवकन्या चिडायची आन घरी येऊन सासूवर निघायची. एक दिवस म्हणली, 'आत्याबाई, खरं सांगा, तुम्ही वाण सुधरायच्या नादात कुठलं तरी बाहेरचं बियाणं मिसळलं ना? कबूल करा की एकदाचं!' गोदाक्कानं म्हणे शांतपणे उत्तर दिलं, 'मिसळलं असंल, पोरी. आठवत नाही.' 

आठवत नाही! जी बाई सोळा वर्षांतला एकेक पाऊस तारखेसकट सांगायची.

मी त्यांच्याकडं जायचं टाळायचो. एकदा गाठलंच तिनं. ओसरीवर परात घेऊन बसलेली, परातीत बाजारातलं साधं सोयाबीन. एकेक दाणा उजेडाकडं धरून पाहत होती. म्हणली, 'बरं झालं आलात, इवाई. त्या दिवशी तुम्ही होते. मी काय चुकले ते सांगा. ताडपत्री ओली होती का? भुसकट मी दुसऱ्या कोणाचं येऊ दिलं का? मी रोज त्या दिवसाची उजळणी करते, मला चूक सापडत नाही. न सापडणारी चूक लय वाईट. ती पुन्हा होऊ शकते.'

मी म्हणलं, 'पाऊस होता, अक्का. पावसाचं काय.'

चहा पिऊन आलो. चहात साखर होती का नव्हती, कळलं नाही.

दुसऱ्या साली भाट गावोगाव पसरले. प्रत्येक कृषी केंद्रात एक. जिल्हाभरातून अक्षरं गोळा झाली आन एक दिवस वंशावळीत वरचं पान उलगडलं. घुगे मॅडम गावात आल्या, ढोल्यांच्याच अंगणात बसल्या. मी नव्हतो, शिवकन्येनं मला मागून सांगितलं. मॅडम म्हणल्या, 'अक्का, तुमच्या वावरातली बुरशी थोरली नाहीये. तिची आई सापडली. चाळीस किलोमीटरवर, माळसावंगीत. मधल्या एकाही गावात नाही. ती उडी मारून कशी आली, तेच कळेना. तुमचं तिकडे कुणी आहे का?'

गोदाक्का म्हणली, 'माहं कोणीच नाही.'

शिवकन्या तव्यावर भाकरी टाकत होती. म्हणती, तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

दुपारी ती माह्या दारात. आत आली नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही.

'आबा, द्वारकाआत्याचं गाव कोणतं?'

'तुला ठाऊक नाही का?'

'तुमच्या तोंडून ऐकायचंय.'

'माळसावंगी.'

'त्या साली दसऱ्याच्या आदी गेलते का तिकडं?'

अन् भाऊ, मी तेव्हा बी म्हणलं, 'नाही.'

शिवकन्येनं मोबाईल काढून दोघांच्या मधी ओट्यावर ठेवला. 'तुमच्या ट्रॅक्टरच्या डबीत रस्ता न् रस्ता लिहिलेला असतो, आबा. कोणत्या दिवशी कुठं गेले, किती वेळ उभे राहिले. पासवर्ड मीच टाकून दिलता तुम्हाला. एक बोट दाबलं की दिसंल.' तिनं बोट दाबलं नाही. 'मी नाही पाहणार. मी मशीनचं ऐकून माह्या सासूला नाही नाही ते बोलले. बापाबद्दल बी मशीनलाच विचारू का? तुम्हीच सांगा.'

मी बसलो. अन् सांगितलं. द्वारकीचा फोन, बारीक पुली, खडूवाणी दाणे, नारळ. सगळं.

ती रडली नाही. एवढंच म्हणली, 'ती दोन पोती?'

'चांगली होती.'

'तुम्हाला ठाऊक होतं?'

'हाव.'

तिनं मोबाईल उचलला. 'आता चला. माह्यासंगं नाही, माह्या पुढं चला. मला तुमची पाठ दिसली पाहिजे, मधीच वळाल तुम्ही.'

गावातून भर उन्हात असा गेलो, लेक मागं, मी पुढं, धरून नेल्यावाणी. गोदाक्का ओसरीवरच होती. मी खाली अंगणातच बसलो. सांगताना वर पाहिलं नाही. सांगून झालं. मला वाटलं, आता दोन शिव्या देईल, त्या खाऊन मोकळा होतो. माणूस किती लबाड असतो बघा, शिव्या सुदिक सुटका व्हावी म्हणून मागतो.

मग ती म्हणली, 'बहिणीसाठी गेलते?'

'हाव.'

'मला सांगितलं असतं तर मी दोन दिवस थांबले असते. माहा माल भिजला असता तर भिजला असता.'

'हाव, अक्का.'

'गावासमोर नाही बोलला, ते बी समजू शकते. भ्याले. समदेच भितात. गावाला नसतं सांगितलं तरी चाललं असतं, इवाई. मला एकटीला सांगायचं. ओसरीवर आलते तेव्हा सांगायचं. मी बी गप्प बसले असते, तुमच्या लेकीसाठी. पण दोन साल मी माह्या हातांवर संशय घेतला. दाणा उचलताना माहा हात कापतो आता. हे मला कोण परत देणार? मॅडमचा डबा देणार का?'

मी हात जोडले. ती म्हणली, 'खाली करा ते. मला उपयोग नाही त्याचा.' अन् परात घेऊन आत गेली. शिवकन्या तिच्या मागं गेली. मग आतून शिवकन्येच्या रडण्याचा आवाज आला आन गोदाक्काचा, 'गप, गप पोरी,' म्हणल्याचा. मी अंगणात बसलेलो. मला कोणी गप म्हणलं नाही, आन ते बरोबरच होतं.

मॅडमला मीच फोन लावला. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, अंगठा चालला असता पण मी सही केली. गोदाक्काच्या गटावरचा लाल शिक्का निघाला आन माह्या हडंब्याच्या नंबरवर बसला. तुमच्या मोबाईलवर बी दिसंल, नंबर टाकून पाहा. 'ह्या यंत्रातून रोग पसरला.' वाचून तुम्हाला मळणी नको वाटली, तर आत्ताच सांगा, मी राग न धरता गुंडाळून जातो. बरेच जण सांगतात.

केरबा गावात म्हणला, 'सटवाजीनं शेवटी कबूल केलं, मोठं मन हाये.' मी त्याला तिथंच थांबवलं. मन मोठं असतं तर दोन पोती वाचली असती.

लोकं आता गोदाक्काच्या दारात परत येतात. चुकलं म्हणतात, बियाणं मागतात. ती म्हणती, 'कशाचं देऊ? राहिलंय का?' मी कबूल केलं त्याच्या पुढच्या आखाजीला तिनं सवयीनं गोणपाट भिजवलं, आन मग तसंच पिळून दोरीवर वाळत घातलं. शिवकन्येनं सांगितलं मला. तेवढं एक बरंय, लेक सांगती अजून. महिन्यातून एकदा, दारात उभं राहून.

सांगता सांगता तीच म्हणली, 'आबा, आत्याबाईंनी मागं कितीतरी पोरींच्या ओटीत मूठभर बियाणं घातलंय, सासरी निघताना. एखादीनं तरी परसात पेरून जपलं असंल का?' सोयाबीनचा दाणा दोन सालांच्या वर जगत नाही, तुम्हाला ठाऊकच हाये. पण एखादीनं दर साली दोन ओळी जरी लावल्या असतील, तर ते जिवंत हाये. कोणत्या पोरी, कोणती गावं, गोदाक्काला आता सगळं आठवत नाही. ती म्हणती आठवत नाही, आन ह्या वेळी ते खरं असावं.

म्हणून मी दोन साल झाले लांबलांबच्या गावची मळणी धरतो. जिथं जातो तिथं आदी गंजीतली शेंग सोलून पाहतो. तुमची बी मघाशी पाहिली, रागावू नका. ते वाण नाही तुमचं.

पण तुमचे पाहुणेरावळे असतील. सासुरवाडी असंल. एखाद्या म्हातारीच्या परसात, एखाद्या बांधाच्या कडंला. दाणा मध्यम, पिवळा. मधला डोळा काताच्या रंगाचा, आन त्याला एका अंगानं बारीक शेपूट, जोंधळ्याच्या कुसळाएवढं. शेंग खडखडीत वाळली तरी मिटलेली. दिसलं तर ओळखाल.

दिसलं तर मूठभर मागून घ्या, भाऊ. घरचं म्हणून मागा, माहं नाव सांगू नका. पण ते माह्याकडं आणू नका, मी कितीबी हात पुढं केला तरी माह्या हातात देऊ नका. खैरगव्हाणला जा, ढोल्यांचं घर विचारा, आन तिच्या हातात द्या. तिचा हात कापतो, तेवढं सांभाळून.